मुंगी शिरली तरी रिपोर्ट येतो

माझ्या नेटवर्कमध्ये मुंगी शिरली, तरी तिचा रिपोर्ट माझ्या मोबाइलवर येतो. मुंगी कुठल्या दारानं आली, किती वाजता आली, आत आल्यावर कुठल्या कॉम्प्युटरकडे वळली, सगळं! हे वाक्य मी गेल्या वर्षी दसऱ्याच्या आठ दिवस आधी पुण्याच्या साहेबलोकांसमोर छाती काढून म्हटलं होतं. मी फक्त मुंगीचाच विचार केला होता, इथंच माझं चुकलं.

आधी ओळख करून देतो. मी सुदर्शन. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत दुचाकीचे ब्रेक बनवणारी आमची कंपनी आहे, तिथं मी आयटी बघतो. 'आयटी बघतो' म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढण्यापासून मेन सर्व्हर सांभाळण्यापर्यंत सगळं. माझ्या खात्यात एकूण एक माणूस आहे, आणि तो मीच. त्यामुळे आमच्या खात्यात भांडणं कमी होतात, पण चूक कोणाची हे शोधायला फारसा वेळही लागत नाही.

आमचं हेड ऑफिस पुण्याला. तिथं सम्यक नावाचा एक हुशार गडी आला. नेटवर्कच्या सुरक्षेत त्यानं कसल्याकसल्या परीक्षा दिल्या आहेत आणि प्रत्येक परीक्षेचा बिल्ला त्याच्या ईमेलखाली लटकलेला असतो. त्यानं आल्या आल्या सुचवलं, की वाळूजचं नेटवर्क पुण्यातूनच चालवावं, वाळूजला वेगळा माणूस कशाला? आता वाळूजचा वेगळा माणूस म्हणजे मीच की! आमचं घर शहरात, गारखेड्यात, बायको मोनिका तिथल्याच शाळेत शिक्षिका, लेक संस्कृती चौथीत. हे सगळं उचलून पुण्याला जायचं, नाहीतर घरी बसायचं, असे दोनच रस्ते माझ्यापुढं होते. खरं सांगतो, मला घाम फुटला होता.

म्हणून मी तीन महिने खपून एक सिस्टीम उभी केली. प्रत्येक कॉम्प्युटर आपली रोजनिशी लिहीत असतो. कोण आलं, कोण गेलं, कोणी चुकीचा पासवर्ड टाकला, कुठली तार सुटली, सगळं त्यात असतं. त्याला आम्ही लोक इव्हेंट लॉग म्हणतो आणि तो कोणीही वाचत नाही. मी काय केलं, सगळ्या कॉम्प्युटरच्या रोजनिश्या एका कॉम्प्युटरवर गोळा केल्या, त्यांचा सोप्या मराठीत रिपोर्ट बनवला आणि तो यादीतल्या लोकांना पाठवायला एक मोठ्ठं हिरवं बटण ठेवलं. स्क्रीन उघडली की तेच बटण समोर. ऐनवेळी शोधाशोध नको! शिवाय सर्व्हर रूमच्या दाराला कार्डाचं कुलूप, छताला धूर ओळखणारं यंत्र, आणि त्या दोघांचीही नोंद रिपोर्टमध्ये. मेन सर्व्हरचा पासवर्ड तर बावीस अक्षरी ठेवला. तो मलाच पाठ व्हायला तीन आठवडे लागले.

हे सगळं मी मीटिंगमध्ये दाखवलं आणि शेवटी ते मुंगीचं वाक्य टाकलं. आमच्या डायरेक्टर अपेक्षा मॅडम फार बोलत नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं, की दसऱ्याचा आठवडा बघू. रिपोर्ट वेळेवर आणि बरोबर आले, तर वाळूज वाळूजकडेच राहील. नाही आले, तर दिवाळीनंतर सगळं पुण्याकडे. सम्यक शेजारी बसून गालात हसत होता.

आता खंडेनवमीकडे, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवसाकडे येतो. त्या दिवशी वाळूजच्या एमआयडीसीत एकही मशीन उपाशी राहत नाही. लेथ, प्रेस, कॉम्प्रेसर, फोर्कलिफ्ट, कॅन्टीनचा मिक्सर, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचा हार, पुढ्यात नारळ आणि अगरबत्ती. आमच्याकडे हे काम सोनाजी काकांचं. काका मेंटेनन्सचे जुने फिटर, बत्तीस वर्षं झाली, आणि दोन महिन्यांत रिटायर व्हायचे होते. मशीनच्या आवाजावरून तिचं दुखणं ओळखणारा माणूस. कॉम्प्युटरवर मात्र त्यांचा विश्वास नाही, कारण तो आवाजच करत नाही.

खंडेनवमीच्या सकाळी काका माझ्या टेबलाजवळ येऊन उभे राहिले. हातात पूजेचं ताट.

"साहेब, मागल्या साली तुमची खोली बंद व्हती," ते म्हणाले. "पूजा ऱ्हायली. मंग काय झालं, ते तुमालाच ठाऊक."

मला ठाऊक होतं. त्याच्या आदल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर सर्व्हर दोन दिवस बंद पडला होता. बॅटरी जुनी झाली होती म्हणून पडला, पूजा राहिली म्हणून नाही. पण नोकरी टांगणीला लागली की माणूस बॅटरीही बदलतो आणि नारळही ठेवतो. मी म्हणालो, काका, यंदा सर्व्हरची पूजा पाहिजेच, अगदी साग्रसंगीत.

अडचण एवढीच होती की काकांच्या फेरीत सर्व्हर रूमचा नंबर शेवटी, दुपारी एकनंतर यायचा, आणि मला साडेबारालाच निघायचं होतं. मोनिकाला शहागंजच्या बाजारात झेंडू घ्यायचे होते. तिचं म्हणणं, दुपारनंतर सगळी चेंगरलेली फुलं उरतात. आता एकीकडे बायकोचा झेंडू, दुसरीकडे सर्व्हरची पूजा. मी गळ्यातलं कार्ड काढलं आणि काकांच्या हातात दिलं. 'सर्व्हर रूमचं कार्ड कोणत्याही परिस्थितीत दुसऱ्याला देऊ नये,' असा नियम आमच्या नोटीस बोर्डावर लावलेला आहे. खाली सही माझी आहे.

"काळजी सोडा," काका कार्ड कपाळाला लावून म्हणाले. "एकबी मशीन सुटणार नाय."

दुपारी दीडच्या सुमारास मी शहागंजात झेंडूच्या ढिगापुढं उकिडवा बसलो होतो. मोनिका एकेक फूल उलटंसुलटं करून बघत होती. तेवढ्यात मोबाइल वाजला. रिपोर्ट! सुट्टी लागली, कंपनी रिकामी झाली, आणि तरी माझी सिस्टीम जागी होती. मला असा काही अभिमान वाटला म्हणता! मी मोबाइल मोनिकापुढं धरला. ती म्हणाली, अहो, ते बाजूला धरा, फुलांवर सावली पडतीय.

मग मी स्वतः रिपोर्ट वाचला.

'१:२०. सर्व्हर रूमचं दार उघडलं. कार्ड: सुदर्शन.
१:२४. सर्व्हर रूममध्ये धूर. प्रमाण: सौम्य.
१:२६. मेन सर्व्हर. चुकीचा पासवर्ड. ३ वेळा.
१:२७. रिपोर्टचा कॉम्प्युटर. प्रवेश यशस्वी. पहिल्याच प्रयत्नात.'

शेवटची ओळ मी पुन्हा एकदा वाचली. तिच्याबद्दल नंतर सांगतो. आत्ता सांगायची माझी हिंमत नाही.

दुसरा रिपोर्ट आला. चुकीचा पासवर्ड, ६ वेळा. मग तिसरा. ८ वेळा. मिनिटाला एक रिपोर्ट आणि प्रत्येक रिपोर्टमध्ये आकडा वाढलेला. कोणीतरी माझ्या मेन सर्व्हरचं दार नेटानं ठोकत होतं. आणि त्याहून भयंकर म्हणजे, हे रिपोर्ट मी पाठवत नव्हतो, तरी ते जात होते! कोणाकोणाला जात होते ते बघितलं आणि मी त्या झेंडूतच बसकण मारली. दोनशे चौदा जणांना. सिस्टीम तपासताना मी त्या कॉम्प्युटरवर साठलेले झाडून सगळे पत्ते यादीत टाकले होते. तपासून झालं की काढायचे होते. ते काम 'दिवाळीनंतर करू' या माझ्या वहीतल्या पानावर होतं. त्यात आमचे गिऱ्हाईक होते, मालाचे पुरवठादार होते, अपेक्षा मॅडम होत्या, सम्यक होता. पाच चुकांनंतर सर्व्हरला आपोआप कुलूप लावायची सोय असते. तीही त्याच पानावर होती.

मी मोबाइलवरूनच रिपोर्टच्या कॉम्प्युटरमध्ये घुसायचा प्रयत्न केला. उत्तर आलं, 'हा कॉम्प्युटर सध्या दुसरी व्यक्ती वापरत आहे.' दुसरी व्यक्ती! माझ्या खुर्चीत! मी सोनाजी काकांना फोन लावला. रिंग जात होती, कोणी उचलत नव्हतं. सतरा वेळा लावला. काकांचं घर गंगापूरच्या रस्त्यावर, शेताच्या कडेला. भावाची मेंढरं असतात. काका मोबाइल कामावर आणत नाहीत, तो घरात खुंटीला टांगलेला असतो, आणि सुट्टी झाली की ते थेट मेंढरांमागं जातात. माझ्या डोक्यात एकच चित्र उभं राहिलं. काका पूजेला निघाले, वाटेत कार्ड कुठंतरी पडलं, आणि ते चोराच्या हाताला लागलं.

मोनिकाला रिक्षात बसवलं आणि मी गाडी वाळूजकडे मारली. सणाचा दिवस, बाबा पेट्रोल पंपापासून नगर नाक्यापर्यंत नुसती माणसंच माणसं. प्रत्येक सिग्नलला थांबलो की खिशात एक रिपोर्ट. नगर नाक्यावर सासऱ्यांचा फोन आला. माझे सासरे रामकिसनराव, रिटायर्ड हेडमास्तर. त्यांनी एकदा आमच्या ऑफिसातून पेन्शनचा फॉर्म पाठवून घेतला होता, म्हणून त्यांचाही पत्ता त्या यादीत.

"जावईबापू," ते शांतपणे म्हणाले, "नव्वद वेळा पासवर्ड चुकला म्हणतात. लिहून ठेवत जा कुठंतरी."

मी म्हटलं, बाबा, तो मी नाही. ते म्हणाले, बरं बरं, आणि फोन ठेवला. मग शिष्टाचार म्हणून त्यांनी रिपोर्टला उत्तर दिलं, तेही दोनशे चौदा जणांना: 'अहवाल मिळाला. विजयादशमीच्या सर्वांना शुभेच्छा.' त्याला उत्तर म्हणून चाकणच्या एका गिऱ्हाइकानं सगळ्यांना शुभेच्छा दिल्या, आणि ब्रेकचा माल सोमवारी येणार की नाही, ते विचारलं.

कंपनीच्या गेटवर पोचलो तर पाण्याचे दोन टँकर उभे! आमच्या शहरात पैसे भरून, पाया पडूनही टँकर तिसऱ्या दिवशी येतो. इथं न बोलावता दोन! टँकरवाल्यानं रिपोर्टात 'धूर' वाचलं होतं आणि माणुसकीच्या नात्यानं गाड्या काढल्या होत्या. त्याला हात जोडून थांबायला सांगितलं आणि मी आत पळालो.

सर्व्हर रूमच्या बंद दारापुढं आमचे प्लँट हेड राजकुमार साहेब उभे होते. घरून तसेच आले होते, अंगात नेहरू शर्ट, कपाळाला गंध. हातात मोबाइल, त्यात व्हिडिओवर सम्यक. सम्यकच्या मागं तीन स्क्रीन चमकत होत्या. तो सुट्टीच्या दिवशीही इतका आनंदी दिसत होता, की मला त्याची भीतीच वाटली.

त्यानं मला पाहिलं आणि पहिलाच प्रश्न टाकला. एक वीसला दार तुमच्या कार्डानं उघडलंय, तेव्हा तुम्ही कुठं होता? मी म्हणालो, शहागंजात. साक्षीदार? मोनिका आणि फुलवाली. मग कार्ड कुठंय?

आता इथं मी खरं बोलायला हवं होतं. कार्ड मी सोनाजी काकांना दिलं, एवढंच. पण ते तोंडातून निघेना. म्हणालो असतो तर नियम मोडला म्हणून माझी नोकरी गेली असती, आणि बत्तीस वर्षं एक डाग नसलेल्या माणसावर रिटायर होताना चौकशी बसली असती. काकांची काळजी मला होतीच. पण खोटं कशाला बोलू, स्वतःची जास्त होती. मी म्हणालो, "कार्ड हरवलं."

बस्स. सम्यकचे डोळे लकाकले. हरवलं नाही, चोरलं गेलं, तो म्हणाला. त्यानं सगळी साखळी मांडून दाखवली. आधी कार्ड पळवलं. मग आत शिरून मुद्दाम धूर केला, म्हणजे लोक आगीकडं धावतील. मेन सर्व्हरवर मुद्दाम चुकीचे पासवर्ड टाकतोय, म्हणजे आपण तिकडं बघत बसू. आणि खरा डाव रिपोर्टच्या कॉम्प्युटरवर, जिथं तो पहिल्याच प्रयत्नात आत गेला! "सर, एवढा पासवर्ड पहिल्या फटक्यात ओळखणारी माणसं जगात मोजकी आहेत," सम्यक म्हणाला. "आपल्यामागं कोणीतरी मोठं लागलंय."

मी बुटाकडं बघत उभा राहिलो.

राजकुमार साहेब मूळचे शेतकरी घरातले. त्यांनी सरळ प्रश्न विचारला. "एक सांगा. चोर स्वतःच्याच चोरीचा रिपोर्ट मिनिटामिनिटाला आपल्याला कामून पाठवायला?"

सम्यकनं मागच्या एका स्क्रीनकडं वळून बघितलं. मग म्हणाला, ही दहशत आहे. हल्लेखोर आपल्याला दाखवून देतोय, की तो आपल्याला घाबरत नाही. आणि तो अजून आतच आहे, कारण दार एक तीसला बंद झालं ते पुन्हा उघडलेलं नाही. हे ऐकल्यावर आम्ही दोघंही दारापासून चार पावलं मागं सरकलो. साहेबांनी वॉचमनला काठी घेऊन बोलावलं. सम्यकनं बजावलं, दार फोडायचं नाही, वीज तोडायची नाही, कशाला हात लावायचा नाही. पुरावे नष्ट होतात. तो पुण्याहून निघतोय, पाच तासांत पोचेल.

पाच तास! मिनिटाला एक रिपोर्ट म्हणजे अजून तीनशे. दोनशे चौदा जणांना. तेवढ्यात अपेक्षा मॅडमचा एक ओळीचा निरोप आला: 'रिपोर्ट वेळेवर येत आहेत. बरोबर आहेत का, ते कळवा.' मी दारापलीकडे कान लावून ऐकलं. आतून पंख्यांची घरघर येत होती, बाकी काही नाही. चोर मोठा सोशिक होता. खोकतसुद्धा नव्हता.

गारखेड्यातलं घर माझ्या डोळ्यांपुढं आलं. संस्कृतीला काय सांगायचं? की बाबांच्या सिस्टीममध्ये मुंगी शिरली, तिचा रिपोर्टही आला, आणि त्या रिपोर्टात मुंगीच्या जागी बाबांचं नाव होतं? चारच्या सुमारास आकडा चारशेच्या पुढं गेला. मी ठरवलं, आता खरं सांगून टाकावं. तोंड उघडलं, आणि तेवढ्यात जिन्यावर चपलांचा आवाज आला.

सोनाजी काका. डोक्याला रुमाल, धोतराला मेंढरांची लोकर चिकटलेली, एका हातात पेढ्यांचा पुडा आणि दुसऱ्या हातात माझं कार्ड. सतरा कॉल बघून त्यांना वाटलं होतं, साहेबांना कार्डाची नड पडली असंल. म्हणून मेंढरं भावावर सोपवून ते तसेच गाडीवर बसून आले होते.

काकांनी आम्हा सगळ्यांकडे बघितलं. वॉचमनच्या हातातली काठी बघितली, मोबाइलमधला, आता गाडीत बसलेला सम्यक बघितला. मग माझा चेहरा बघितला. राजकुमार साहेबांनी विचारलं, "हे कार्ड तुमच्याकडं कसं? हे तर हरवलं व्हतं."

काकांनी कार्ड धोतराला पुसलं.

"सापडलं," ते म्हणाले. "म्हणून द्यायला आलो."

दोन महिन्यांनी रिटायर होणारा माणूस माझ्यासाठी खोटं बोलला, आणि तेही माझ्या खोट्याला जुळेल असं! मला गहिवरून आलं आणि लाजही वाटली. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. कार्ड मीच दिलं, पूजेसाठी दिलं, नियम मी मोडला, काकांचा काही दोष नाही. सम्यक मोबाइलमधून म्हणाला, म्हणजे एक वीसला आत कोण गेलं होतं?

"म्याच की," काका म्हणाले. "धा मिनिटात पूजा उरकली अन् भायेर आलो. आत कोन हाय म्हनता? आत कोनी नाय. आत नारळ हायत."

आणि सम्यक 'नको, नको' म्हणेपर्यंत त्यांनी दाराला कार्ड लावलं.

खोलीत अगरबत्तीचा मंद वास होता. मेन सर्व्हरला झेंडूचा भरगच्च हार, मधोमध कुंकवाचं बोट. सर्व्हर उभ्या कपाटात असतो, त्याच्या पुढ्यात नारळ ठेवायला जागा नसते. सपाट अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे कीबोर्ड. त्या कीबोर्डवर, उजव्या कोपऱ्यातल्या एंटरच्या उभ्या बटणावर, एक शेंडीवाला नारळ ऐसपैस बसला होता. एंटर दाबलेलं, पासवर्डची जागा रिकामी. स्क्रीनवर 'चुकीचा पासवर्ड', मग पुन्हा एंटर, पुन्हा 'चुकीचा पासवर्ड'. आमच्यासमोर तो चारशे बाराव्यांदा चुकला.

शेजारी माझा रिपोर्टचा कॉम्प्युटर. काकांनी शब्द पाळला होता, एकही मशीन सुटलेली नव्हती. त्याच्या कीबोर्डवर दुसरा नारळ. तोही एंटरवर. समोर माझं मोठ्ठं हिरवं बटण, 'रिपोर्ट शेअर करा'. नारळ एंटर दाबून रिपोर्ट पाठवायचा. तो गेला की बटण पुन्हा समोर यायचं, नारळ पुन्हा दाबायचा. इतक्या निष्ठेनं काम करणारा माणूस मला माझ्या खात्यात कधी मिळाला नाही.

"गोल वस्तू, गडगडतीया," काका समजावून सांगू लागले. "म्हनून ह्या उभ्या बटनाच्या खाचंत बसवला. मस्त बसला."

मी दुसरा नारळ उचलला. खिशातला मोबाइल अडीच तासांनी पहिल्यांदा शांत झाला. मोबाइलमधून सम्यक ओरडत होता, आत कोण आहे, हल्लेखोर दिसला का? राजकुमार साहेबांनी मोबाइल नारळाकडं फिरवला आणि बराच वेळ तसाच धरला. सम्यकनं चेहरा कॅमेऱ्याजवळ आणला. मग खोल आवाजात म्हणाला, त्याला हात लावू नका, पिशवीत घालून सील करा, तो पुरावा आहे. साहेबांना तोवर हसू आवरेना. ते भिंतीला टेकले, मग खुर्चीत बसले, मग वॉचमनही हसू लागला. काकांना काय झालं ते कळेना, म्हणून त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले. बाहेर टँकरवाल्यांनाही दिले.

पुरावा दुसऱ्या दिवशी आम्ही खाल्ला. पूजेचा नारळ दसऱ्याला फोडायचा असतो, त्याला सम्यकचा काय इलाज? मला सगळ्यांत मोठा तुकडा मिळाला. गोड होता.

सुट्टीनंतर अपेक्षा मॅडमनी व्हिडिओवर मीटिंग घेतली. त्यांच्या हातात छापलेला रिपोर्ट. शेजारी सम्यक. माझ्या शेजारी राजकुमार साहेब आणि मुद्दाम बोलावलेले सोनाजी काका, स्वच्छ धोतरात. मॅडम म्हणाल्या, दार, धूर, चुकीचे पासवर्ड, प्रत्येक नोंद मिनिटाला मिनिट बरोबर आहे. अडीच तास घासूनही मेन सर्व्हर उघडला नाही, तेही चांगलं. मी जरा ताठ बसलो.

"पण हे एक कसं झालं?" त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "दुसऱ्या कॉम्प्युटरवर नारळाला पहिल्याच प्रयत्नात प्रवेश कसा मिळाला?"

हीच ती ओळ. हिच्याबद्दल नंतर सांगतो म्हणालो होतो ना, ते आता सांगतो. त्या कॉम्प्युटरला पासवर्डच नव्हता. बावीस अक्षरं पाठ करता करता माझा जीव गेला होता. दुसरं काही पाठ करायची ताकद नव्हती. म्हटलं, कार्डाचं कुलूप आहे, आत येणार कोण? रिकाम्या जागेवर एंटर दाबलं की आत. हे मी मॅडमना जसंच्या तसं सांगितलं. सम्यकनं डोळे मिटून घेतले. त्याच्या चेहऱ्यावरून मला गारखेडा ते पुणे सामानाचा टेम्पो निघालेला दिसला.

मॅडमनी रिपोर्टची घडी करून बाजूला ठेवली. मग त्यांनी सम्यकला विचारलं, पुण्याच्या ऑफिसात आपले कॉम्प्युटर किती? तीनशेच्या आसपास, तो म्हणाला.

"प्रत्येकावर जाऊन नुसतं एंटर दाबा," मॅडम म्हणाल्या. "आत्ता. आम्ही थांबतो."

आम्ही थांबलो. काकांनी तेवढ्यात मॅडमना मेंढ्यांची माहिती दिली. तासाभरानं सम्यक परत आला. चेहरा उतरलेला. एकसष्ट कॉम्प्युटर नुसत्या एंटरवर उघडले होते. हिशोबखात्याचे होते, खरेदीखात्याचे होते. एकसष्टावा कोणाचा, ते त्यानं सांगितलं नाही, आणि मॅडमनीही विचारलं नाही. त्या फक्त म्हणाल्या, वाळूजला एक, पुण्याला एकसष्ट. वाळूज वाळूजकडेच राहू दे.

मी टेबलाखाली सोनाजी काकांचा हात घट्ट धरला. त्यांना वाटलं मला चक्कर येतीय, त्यांनी पाणी मागवलं.

आता आमच्या कंपनीत दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी 'नारळ चाचणी' होते. प्रत्येक कॉम्प्युटरवर नुसतं एंटर दाबून बघायचं. उघडला, की त्या माणसानं सगळ्या खात्याला पेढे द्यायचे. या नियमाचं पत्रक मॅडमनी स्वतः काढलं. वर लिहिलंय, 'संकल्पना: सोनाजी काका, मेंटेनन्स, वाळूज.' काका रिटायर झाले तेव्हा आम्ही त्यांना तेच पत्रक फ्रेम करून दिलं. त्यांच्या घरात ते देवांच्या ओळीत लावलेलं आहे, आणि त्यालाही दसऱ्याला हार असतो.

त्या पत्रकात माझंही नाव आहे. एकदाच आहे, खाली, 'धोका कसा ओढवतो, याचं उदाहरण' या मथळ्याखाली. ते पत्रक माझ्याच सिस्टीमनं, वेळेवर आणि बरोबर, दोनशे चौदा जणांना पोचवलं, कारण यादीतले पत्ते काढायचं माझं काम अजून दिवाळीनंतरच्या पानावरच आहे. पहिलं उत्तर रामकिसनरावांचं आलं. अर्थातच, सगळ्यांना: 'जावईबापूंचं नाव छापून आलेलं पाहून ऊर भरून आला. अभिनंदन.'